चुलीवरचा चहा

देवाजीच्या परसात गोबरगॅसची टाकी बसली, तेव्हा मौद्याजवळच्या त्या गावात ती पहिलीच होती. हट्ट त्याच्या बायकोचा, इंदूबाईचा. धुराने तिचे डोळे बारमाही लाल असत. मौद्याच्या शेतकरी मेळाव्यात तिने निळी ज्योत पाहिली आणि घरी येऊन म्हणाली, "मले पोत नको, पाटल्या नको. हे पायजे."

ग्रामसेवकाने सरकारची योजना समजावून सांगितली. टाकीला संडास जोडला तर मदत जास्त मिळणार होती. घरची जनावरं थोडी, नुसतं शेण पुरलं नसतं, म्हणून देवाजीने संडासही जोडला.

गावाने टर उडवली. "देवाजीकडं जेवाले बसाच्या आधी इचारून घ्या गा, कायच्यावर शिजलं!" देवाजी हसून सोडून द्यायचा. पण टाकीतून निघालेली शेणखताची रबडी वावरात पडली, मिरची तरारून आली, आणि ग्रामसेवक दुसऱ्या गावची माणसं दाखवायला आणू लागला. मग देवाजी छाती काढून चालू लागला. शेजारचा धोंडबासुद्धा नरमला. त्याची बायको कौसल्या चुलीपुढे खोकून खोकून अर्धी झाली होती. "यंदा आमचंही नाव टाक," असं धोंडबाने ग्रामसेवकाला सांगून ठेवलं.

त्याच सुमारास देवाजीच्या मुलीला, गोपिकाला, नागपूरचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, घर धरमपेठेत. पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच देवाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आज चूल पेटव वं."

"काहून?"

"शहरातले लोक आहेत. संडासाचा गॅस म्हटलं तं..."

"रोज आपण त्याच्यावरचंच खातो ना?" इंदूबाई म्हणाली. "मी नाही पेटवत."

दुपारी पाहुणे आले. मुलाचे वडील नत्थूजी, आई पुष्पलताबाई आणि मुलगा. शेजारी म्हणून धोंडबाही बैठकीत बसला होता. गोपिकाने चहा आणला. नत्थूजींनी मागच्या दाराकडे पाहत सहज विचारलं, "ते परसात मोठं लोखंडी झाकण कायचं आहे जी?"

"गोबरगॅस आहे. सरकारी योजनेतला." देवाजी घाईने पुढे म्हणाला, "पण आम्ही त्याच्यावर आंघोळीचं पाणी तेवढं तापवतो. सैपाक चुलीवर."

"म्हणजे हा चहा?"

"चुलीवरचाच."

गोपिकाचा चेहरा लाल झाला. तिने मान खाली घातली. आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. देवाजीने कोणाकडेच पाहिलं नाही. पाहुण्यांनी चहा संपवला, मुलगी पसंत असल्याचं सांगितलं, आणि पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवशी धोंडबाने ग्रामसेवकाकडे जाऊन योजनेतलं आपलं नाव काढून घेतलं. हे कळताच देवाजी त्याच्याकडे गेला.

"तू सोताच्या सोयऱ्याले पाजत नाहीस, आन मले बांधाले सांगतं?" धोंडबा म्हणाला.

"मी खोटं बोललो गा. चहा गॅसवरचाच होता."

"तवा खोटं बोलला का आता बोलून राहिला, मले काय समजते?"

देवाजी परत आला. घरात इंदूबाई कामापुरतं बोलत होती. गोपिका पाणी आणून द्यायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. काही दिवस त्याने असेच काढले. मग एका सकाळी धुतलेलं धोतर नेसून तो नागपूरच्या बसमध्ये बसला. सीताबर्डीला उतरून पायीच धरमपेठेत गेला. वाटेत त्याला वाटत राहिलं की हे लग्न मोडणार, आणि पोरीचं वाटोळं आपल्या हातून होणार. तरी तो गेला.

नत्थूजींनी पाट पुढे केला. देवाजी बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "त्या दिवशीचा चहा चुलीवरचा नव्हता जी. गॅसवरचा होता. त्या टाकीले संडास जोडला आहे. मी लपवलं."

नत्थूजींनी बायकोकडे पाहिलं. पुष्पलताबाई शांतपणे म्हणाल्या, "आमाले तवाच समजलं होतं. तुमच्या घरात धुराचा वास नव्हता, भिंती पांढऱ्या होत्या. चूल पेटवणाऱ्याचं घर असं राहते काय?"

"मग तुमी बोलले काहून नाही?"

"चार लोकांत तुमाले काय बोलायचं?" नत्थूजी म्हणाले.

पुष्पलताबाई थोडं थांबून म्हणाल्या, "बापाचं खोटं आयकून पोरगी लाजून लाल झाली. ते पाहूनच मी हो म्हटलं. अशी पोरगी घरात यावी असं वाटलं मले."

लग्न मोडलं नव्हतं. पण देवाजीला आनंद झाला नाही. त्याने जिच्यासाठी खोटं सांगितलं होतं, ती पोर त्याच्या खोट्याला लाजली म्हणून पसंत पडली होती. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसून राहिला.

गावात उतरल्यावर तो घरी न जाता पारावर गेला. माणसं बसली होती, धोंडबाही होता. देवाजीने सगळ्यांसमोर सांगितलं. चहा कशावरचा होता ते, आपण काय बोललो ते, आणि पाहुण्यांना सगळं माहीत होतं तेही. एक-दोघं हसले. धोंडबा हसला नाही.

"आता मानतो गा," तो म्हणाला. "पण योजनेतली आपल्या गावची जागा ग्रामसेवकानं दुसऱ्या गावाले देऊन टाकली. म्हणे, तुमच्याकडं कोणाले नकोच आहे. पुढच्या साली पाहू."

धोंडबाच्या घरावरून देवाजीची वाट होती. ओसरीपर्यंत धूर आला होता. कौसल्या दारात येऊन डोळे पुसत उभी होती. पारावरचं बोलणं तिच्या कानावर आलं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमी हे त्या दिवशीच बोलले असते तं."

एवढं म्हणाली तोच तिला खोकला आला, आणि तोंडाला पदर लावून ती आत गेली. घरी इंदूबाईने काही न विचारता ताट वाढलं. तो ताटावर बसला, तर शेजारून कौसल्याचा खोकला ऐकू आला, आणि त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.