पेपरच्या सकाळी अडलेला दरवाजा

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे, आणि आभाळ भरून आलं की आजही मला काळजी लागते. तुम्ही म्हणाल, लाकडाला कसली आली काळजी! मित्रांनो, काळजी काय फक्त माणसांनीच करायची असते?

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत नत्थूजींचं घर होतं. कापसाची शेती, एक बैलजोडी, आणि सगळ्या घराला मी एकटा दरवाजा. साग हिंगणीकडचा. मला घडवताना तानबा सुतार कुरकुरला होता, "नत्थूजी, लाकूड ओलं हाये. एक उन्हाळा खाऊ द्या त्याले." पण नत्थूजींना घाई, उघड्या घरात कुत्री शिरत होती. मला चौकटीत बसवलं तेव्हा सगळ्या आळीनं येऊन माझ्यावर हात फिरवला. "असा दरोजा बोरगावात नाई," म्हणाले लोक. तेव्हा मी कौतुकानं फुगलो. पुढे दर पावसाळ्यात पाण्यानं फुगू लागलो.

फुगलो की चौकटीत रुतायचो. मग एकच युक्ती चालायची: बाहेरून कडी धरून मला जरा वर उचलायचं आणि लगेच खांदा द्यायचा. ही युक्ती एकट्या नत्थूजींच्या खांद्याला ठाऊक. म्हणून पावसाळ्यात मला कुणी घट्ट लावत नसे, नुसतं लोटून ठेवत.

कोकिळा ही त्यांची मुलगी. ऐंशी सालाच्या आसपास ती मॅट्रिकला इंग्रजीत उडाली. पुन्हा बसली, पुन्हा उडाली. बाकीचे विषय सुटले होते. इंग्रजी सुटलं की डी.एड.ला जायचं, मास्तरीण व्हायचं, एवढंच तिच्या मनात. नत्थूजींनी बजावलं होतं, "ऑक्टोबरची शेवटची. मंग मी पाव्हणे आणीन, अन् तू पोहे करशीन."

भाकरी थापता थापता वाचता यावं म्हणून ती माझ्या आतल्या अंगावर खडूनं लिहायची. तिचं घोडं 'कॅन'पाशी अडलं होतं. शाळेत सांगितलं होतं, कॅन म्हणजे शकणे. ती सगळीकडे शकणे लावायची आणि सगळा उतारा अंगावर यायचा. गाईडात चार उपयोग छापले होते: शक्ती, परवानगी, शक्यता, विनंती. ते तिनं माझ्यावर उतरवले, डोळे मिटून पाठ केले. वाक्य समोर आलं की पुन्हा घाम.

एका दुपारी तिची आई, आनंदाबाई, मला ओढून ओढून दमली. "हा मेला दरोजा मले उघडता येत नाई वं!"

कोकिळानं मान वर केली. "काऊन येत नाई, माय?"

"काऊन म्हंजे? अंगात जोर नाई. मी का मलाई खाऊन राह्यली?"

"अन् मले वर्ध्याले सिनेमाले जाता येत नाई, ते काऊन?"

"जाय बरं! बाप तंगडी मोडून हातात देईन."

"म्हंजे जोर हाये, पण परवानगी नाई," कोकिळा पुटपुटली आणि खडू घेऊन माझ्याकडे धावली.

त्या दिवसापासून आनंदाबाईला तोंड उघडायची सोय उरली नाही. "दिवाळीतबी पानी येऊ शकते," म्हटलं की कोकिळा ओरडायची, "शक्यता!" "जरा दरोजा लोटशीन का?" म्हटलं की, "विनंती!"

"विनंती गेली चुलीत. वारा येऊन राह्यला, लोट पयले!"

आता कोकिळा पाठ करीत नव्हती. कोण बोलतंय, कुणाशी, आणि अडलंय नेमकं काय, हे आधी स्वतःला विचारायची. मलाही तेव्हाच कळलं, की न उघडण्याचेसुद्धा प्रकार असतात.

पेपरच्या आदल्या दिवशी नत्थूजी बातमी घेऊन आले. अल्लीपूरचे पाहुणे दुसऱ्याच दिवशी कोकिळाला पाहायला येणार.

"बाबा, उद्या पेपर हाये."

"दोनदा देल्ला न पेपर? लोक मले पाहून हासतात. उद्या घराबाहेर पाय ठेवायचा नाई." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "अन् ह्या दरोज्याची पाटी केली! धुऊन काढा."

आनंदाबाईनं मला घासून धुतलं. चारही उपयोगांचे पांढरे ओघळ उंबरठ्यावर गेले. पाणी माझ्या आत मुरत होतं आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाई, पुरे गं, उद्या पोरीला जायचंय. त्यात परतीचा पाऊस आला. पहाटे नत्थूजी बाहेर पडले आणि त्यांच्यामागे वाऱ्यानं मला चौकटीत असं ठोकून बसवलं की हूं नाही की चूं नाही.

सकाळी नत्थूजी बाहेर बैलांना वैरण टाकत होते. आत कोकिळा वेणी घालून, पेन घेऊन उभी. "जाय तू," आनंदाबाई हळूच म्हणाली, "पुढचं मी पाह्यतो." दोघींनी मला ओढलं. मी हललो नाही. मला हलायचं होतं, मित्रांनो! पण माझं ऐकतो कोण?

कोकिळानं माझ्यावर दोन्ही हात टेकले. "बाबा, दरोजा उघडून द्या न."

बाहेर पावलं थांबली. नत्थूजींचा तळहात माझ्यावर आला. आत तिचे हात, बाहेर त्यांचा, मधे माझी जाडी. ते नुसते निघून गेले असते तरी भागत होतं. दोष पावसाला लागला असता, मला लागला असता.

"माह्या सांगन्यानं थांबली, का दरोज्यानं?" त्यांनी विचारलं.

आतून कोकिळा म्हणाली, "दरोज्यानं."

नत्थूजींनी कडी धरली.

"मांग सरक. लागंल."

मला वर उचललं, खांदा बसला, आणि मी कण्हत कण्हत उघडलो. ती त्यांच्या अंगावरून निघाली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "छत्री घे."

पाहुणे आले. पोहे आनंदाबाईनं केले. मुलगीच नाही म्हणताना पाहुणे तणतणत गेले. नत्थूजी दिवसभर माझ्यासारखेच घट्ट मिटून होते.

गुणांचं मला काही कळत नाही. पण थंडीत एका सकाळी नत्थूजी तानबाला घेऊन आले. तानबा रंधा परजत म्हणाला, "इतके वर्स नाई रंधला, आताच काऊन?"

"पोरीले आता डी.एड.ले रोज जा लागंल," नत्थूजी म्हणाले.

रंध्याखाली माझी कड सालीसारखी उतरत गेली. दुखलं नाही. खरंच नाही दुखलं.

आता पुढे लोखंडी दरवाजा आला आहे. मी गोठ्यात भिंतीला टेकून असतो, वाळवी खालून वर चढते आहे. माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. उन्हाळ्यात आपल्या दरवाज्यांना तेल पाजा. आणि कधी आतून हाक आली, तर आधी उचला, मग खांदा द्या. आतल्याला मागे सरकायला सांगायला मात्र विसरू नका.