माझ्या वाट्याला न आलेलं पॉलिश

मी एक जुना सागवानी बाक आहे, मित्रांनो, आणि आडपडदा न ठेवता सांगतो, मला कपाटाचा हेवा वाटतो.

सुताराने शेवटचा रंधा मारला तेव्हा तो म्हणाला होता, "अख्खं घर बसलं तरी हा हूं की चूं करणार नाही." घर बसलं. माझ्यावर पोरांनी गृहपाठ केले, भांडणं केली, रुसून झोपही काढली. मग घरातल्या दोन जावांपैकी थोरलीने पहिल्या पगारातून लाकडी कपाट आणलं. तेव्हापासून मऊ फडकं त्याला आणि ओल्या छत्र्या मला.

पूर आला. कपाट कमरेपर्यंत भिजलं, मी अख्खा बुडालो. पाणी ओसरल्यावर थोरली म्हणाली, "हा बाक फोडा आता, सरपण होईल."

धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, पाणी प्यायलाय तो, मेला नाही. वाळू तर दे त्याला. नाही सुधारला तर कुऱ्हाड मीच आणते."

गाळ ओला होता तोवरच तिने मला ब्रशने घासलं, भेगा साबणाने धुतल्या. मग हातमोजे घालून, खिडक्या उघडून, पातळ केलेल्या ब्लीचने पुसलं, वर स्वच्छ पाण्याचा हात फिरवला आणि सावलीत विटांवर ठेवलं.

"उन्हात टाक की, लवकर वाळेल."

"तडकेल ताई."

थोरलीनेही कपाट धुतलं. पण तिला दम कुठला? "लोक विचारपूस करायला येतात, घर भकास दिसतं," म्हणत तिने कपाटाच्या ओल्या अंगावरच नवऱ्याकडून पॉलिश चढवून घेतलं. ते चमकलं. मी विटांवर उघडाबोडका, जळून कोळसा झालो. त्या पॉलिशच्या एका हातासाठी मी कुऱ्हाडही पत्करली असती.

पुढे कपाटातून कुबट वास येऊ लागला. दार उघडलं तर आत काळीहिरवी बुरशी. पॉलिशने ओल आत कोंडली होती. थोरलीने खरवडलं, तर साल निघावी तसं पॉलिश निघालं आणि खालचं लाकूड बोटाने दबलं. घरच्यांनी ते उचलून बाहेर नेलं.

मी आतपर्यंत वाळलो, तेव्हा मला धाकटीने आत आणलं. थोरली माझ्यावरच बसली आणि कपाटासाठी रडली. खोटं कशाला बोलू? तेव्हाही मला त्याचाच हेवा वाटला.

मित्रांनो, पुरातून वाचलेल्या लाकडाला आधी धुवा, आतपर्यंत वाळू द्या, मगच नटवा. आणि ज्याच्यावर बसून रडता, त्याच्यावरूनही कधीतरी एक फडकं फिरवा.