उशाशी

पंडित पास्टरांनी चष्मा काढून उघड्या बायबलवर ठेवला, तशा चटईवर बसलेल्या बायांनी पदर हातात घेतले. पुढं काय येणार ते त्यांना ठाऊक होतं. शिवकन्याला ठाऊक नव्हतं. पास्टर तिचा नवरा, पण या गावात त्यांचा संदेश ऐकायला ती आज पहिल्यांदाच आली होती.

सेलूच्या बाजूचं लहानसं गाव. चर्च नव्हतं. लिंबाजीच्या घरापुढच्या पडवीत महिन्यातून एकदा मंडळी जमायची, दोन गीतं म्हटली जायची आणि मग मानवतहून आलेले पास्टर बोलायला उभे राहायचे.

चष्मा उतरवला की त्यांचा आवाज खाली यायचा. ही रीत शिवकन्यानंच त्यांना लावली होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं ते शनिवारी सगळा संदेश तिला म्हणून दाखवायचे. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि मधेच सांगायची, इथं ओरडू नका, ज्याचं खरं दुखतं तो ओरडत नाही. लेक अर्पिता गेली आणि ते बंद झालं. मानवतला रविवारी ती सगळ्यांत मागं बसायची आणि प्रार्थना संपली की उठायची. गावोगावच्या सभांना जाणं तर तिनं सोडूनच दिलं होतं.

आज ती आली त्याला कारण तानुबाई. मागच्या आठवड्यात मानवतच्या बाजारात ही याच गावची म्हातारी भेटली होती. शिवकन्याचा हात धरून तिनं डोळ्यांत पाणी आणलं. लेकरानं कसा उजेड पाहिला बाई, म्हणाली, तुमचंच नशीब खोटं, नेमक्या तवाच पाण्याला गेलात. शिवकन्याला काही उमगेना. घरी येऊन तिनं नवऱ्याला विचारलंही नाही. फक्त आज सकाळी ते गाडी काढायला लागले तेव्हा ती साडी बदलून दारात उभी राहिली. पास्टरांनी तिच्याकडं पाहिलं. काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी फडकं घेतलं आणि मागची सीट पुसली.

आता पडवीत त्यांची नजर तिच्यावर येऊन थांबली. तेवढ्यापुरते ते घुटमळले. मग बोलू लागले.

“माझी लेक चौदा वर्षांची होती. परभणीच्या दवाखान्यात तिच्या उशाशी मी बसलो होतो. तिची आई पाणी आणायला गेलेली. लेकरानं डोळे उघडले. म्हणली, पप्पा, मला भ्या वाटत न्हाई. तिकडं लय उजेड हाय.”

बायांचे पदर डोळ्यांना लागले. लिंबाजीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शिवकन्या नवऱ्याच्या ओठांकडं बघत राहिली, एखाद्या परक्या माणसाच्या ओठांकडं बघावं तशी.

उशाशी पास्टर नव्हतेच. त्या दुपारी ते येलदरीला होते, धरणाकाठी मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत. संदेश देताना ते फोन बंद ठेवायचे. तापानं फणफणलेल्या पोरीजवळ बसून शिवकन्या फोन लावत राहिली, आणि तो लागला तेव्हा सांगण्यासारखं एकच उरलं होतं. ते पोचले तोवर अर्पितावर चादर ओढली होती. त्यानंतर त्या दुपारबद्दल घरात एक शब्द निघाला नाही. त्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

सभा संपल्यावर चहा आला. जो तो येऊन तिला सलाम करत होता. तानुबाईनं तर तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. अशी लेक पोटी आली, तुमची कूस धन्य, असं काहीबाही ती म्हणत होती. शिवकन्यानं चहा तसाच ठेवला.

परतताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा घाट्यावर आला होता. कालव्याच्या पुलावर पास्टरांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

“तू आलीस म्हणून आज तेवढं वगळावं, असं मनात व्हतं,” ते म्हणाले. “पण माणसं वाट बघायलेली. थांबता येईना.”

“येलदरीला बी बोलणं थांबवता आलं न्हाई तुमाला.”

ते गाडीवरून उतरले. पुलाच्या कठड्याला टेकून, कालव्याच्या पाण्याकडं बघत त्यांनी जे सांगितलं, ते शिवकन्यानं मान फिरवून ऐकलं. एका गावात एका बाईचं लेकरू गेलं होतं. ते धीर द्यायला गेले. त्या बाईला त्यांचं दुःख माहीत होतं. तिनं विचारलं, तुमची लेक जाताना काय म्हणली हो?

“मला ठावंच नव्हतं,” पास्टर म्हणाले. “बापाला ठाव नसावं, हे कसं सांगू? मग तोंडाला आलं ते बोललो. ती बाई त्या दिवशी जेवली. पुढं जिथं जाईन तिथं लोक तेच मागायला लागले.”

शिवकन्याच्या मनात बोलायचं सगळं तयार होतं. मला त्या खाटेपासून उठवलंत, पाण्याला धाडलंत, माझ्या मांडीवरचं लेकरू काढून स्वतःच्या हातात घेतलंत. पण ‘ठावंच नव्हतं’ या शब्दांपाशी तिचा राग अडला. ती दुपार तिनं इतकी वर्षं मुठीत आवळून धरली होती. हा माणूस विचारत नाही, हा त्याचाच गुन्हा, असं धरून ती चालली होती. त्याला विचारायचं धाडसच होत नसेल, हे तिच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

“तिला भ्या वाटत व्हतं,” ती म्हणाली. “लय.”

पास्टर कठड्यावर बसले.

“वेण्या दुखायल्यात म्हणली. शाळेसाठी घट्ट घातलेल्या मी, तशाच राहिलेल्या. मी सोडायला बसले. एक सोडून झाली. बरं वाटायलंय का गं म्हणलं, तर मान हलवली. दुसरी निम्मी सुटली आन्...”

उसाचा ट्रॅक्टर पुलावरून धडधडत आला. धूळ बसल्यावर पास्टरांनी विचारलं,

“माझं नाव काढलं का तिनं?”

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःच्या आईलाही नाही.

“काढलं. पप्पा आले का, म्हणली.”

“मग?”

“मी म्हणलं, आलेत. खाली गाडी लावायलेत. आताच वर येतेत.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुमी पार येलदरीला. पण मी म्हणलं, आलेत.”

“तिला खरं वाटलं?”

“दाराकडं बघत राहिली. तसंच बघता बघता गेली.”

पास्टरांनी दोन्ही तळवे कठड्याच्या दगडावर दाबून धरले. उठले तेव्हा किल्ली कठड्यावरच राहिली. शेवटी शिवकन्यानंच ती उचलून गाडीला लावली.

पुढच्या महिन्यात ती न सांगता तयार झाली आणि मागं बसली. आज काय बोलणार, हे त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

पडवीत तीच माणसं होती. थंडीमुळं घराचं दार लोटलेलं. पास्टर वचन वाचून त्या जागेपाशी आले आणि थांबले. इतके थांबले, की लिंबाजीनं मान वर करून पाहिलं. बायांचे पदर हातात तयार होते.

“तिच्या उशाशी तिची आई होती,” पास्टर म्हणाले. आवाज त्यांनी खाली आणला नव्हता, तो आपोआपच खाली गेला होता. “लेकराच्या वेण्या सोडत होती. लेकराला भ्या वाटत व्हतं. आन् मी...”

त्यांनी चटईवरच्या बायांमधून शिवकन्याला शोधलं.

“मी खाली गाडी लावायलो व्हतो.”

एवढं म्हणून त्यांनी बायबल मिटलं. उजेडाचं नाव निघालं नाही. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. कुणी रडलं नाही. पुढं अजून काही असेल म्हणून सगळे वाट बघत राहिले, आणि काही आलं नाही तेव्हा तानुबाईला राहवेना.

“मग वर आलात का, पास्टर? टायमावर?”

“न्हाई,” पास्टर म्हणाले. “वर यायला उशीर झाला.”

तानुबाई शिवकन्याकडं वळली. शिवकन्या खाली मान घालून बसली होती. तिचे हात मांडीवर होते आणि बोटं सावकाश हलत होती, काही घट्ट बसलेलं सोडवत असल्यासारखी.