बाहेर एक टिक, आत दोन

बोलतोय तो मी. इकडे तिकडे काय बघता? टेबलावर बघा, चार्जरच्या वायरीखाली. कॉम्प्युटरचा माऊस. काळा, वायरवाला, पाठीवरचा रंग घासून घासून पांढरा पडलेला. हो, मीच.

मला लिहिता-वाचता येत नाही. सगळा जन्म पडद्यासमोर गेला, पण अक्षराशी ओळख झाली नाही. 'हो' कुठे असतं आणि 'रद्द' कुठे असतं, एवढं जागेवरून कळतं. बाकी कानावर पडेल ते ज्ञान. तेव्हा सांगण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्या. खोटं मात्र सांगणार नाही. आता वय झालं.

कारखान्यात पट्ट्यावरून आम्ही भाऊ-भाऊ रांगेने यायचो. शेवटी एक बाई बसलेली असायची. ती प्रत्येकाला दहा वेळा दाबून बघायची. मी नऊ वेळा वाजलो आणि दहाव्यांदा गप्प बसलो. बाईने मला कानाशी नेलं, तेव्हा वाजलो. ती दचकली, हसली आणि मला खोक्यात टाकलं. तिने तिथेच मला बाजूला काढलं असतं तर बऱ्याच लोकांचं भलं झालं असतं. पण हसऱ्या माणसाच्या हातून अशा चुका होतात.

मला विकत घेतलं मामांनी. तसे ते एका भाचीचे मामा, पण घरात येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यांना मामाच म्हणायचा. मामी वैतागल्या की त्यासुद्धा म्हणायच्या, "अहो मामा, जेवायला चला."

मामांना वेड होतं नव्या गोष्टींचं. इंटरनेटवर कुणी नवीन काही सुरू केलं की पहिलं नाव मामांचं. कुणी फोटो साठवायची सोय काढली, कुणी कामांच्या याद्या करायची, कुणी हरवलेल्या मित्रांना शोधायची. नवं पान उघडलं की मामांच्या तळहाताला घाम सुटायचा आणि मी सुळकन घसरायचो. तेव्हा मामा भले होते. "काय डोकं लावलंय पोरांनी," असं एकटेच म्हणायचे.

मग ते या नव्या सेवांवर लिहायला लागले. दहापैकी गुण द्यायला लागले. लोक वाचायला लागले. आणि मामांच्या लक्षात आलं की आठ गुण दिले तर दोन माणसं वाचतात, दोन गुण दिले तर दोन हजार. तिथून मामांच्या हाताचा घाम गेला. हात कोरडा झाला.

नव्या कंपन्यांची पोरं त्यांना मागून हेडमास्तर म्हणायची आणि पुढून सर. मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मी साध्या माणसासारखा तपासतो. जुना कॉम्प्युटर, जुना माऊस. यावर चाललं तर कुठेही चालेल." हे ऐकलं की माझी वायर ताठ व्हायची.

सातव्या-आठव्या वर्षी माझ्या पोटातली पट्टी सैल पडली. माणसाचे दात हलतात तसं. आणि मला एक गंमत सापडली. मामांनी एकदा दाबलं की मी बाहेर एकदाच टिक करायचो, पण आत कॉम्प्युटरला दोन निरोप धाडायचो. बाहेर एक टिक, आत दोन. कुणाला पत्ताच नाही.

रोजच्या कामात मी अगदी सज्जन. पण मामा कुणाची नवी सेवा तपासायला बसले, की मला गुदगुल्या व्हायच्या.

दोघा भावांनी आठवण करून देणारी सेवा काढली होती. बटण दाबलं की आठवण लागायची, परत दाबलं की निघायची. मामांनी दाबलं. मी लावली आणि काढली. मामांनी लिहिलं, "ही सेवा स्वतःच विसरभोळी आहे." तीन गुण. भावांनी पाच महिन्यांत दुकान गुंडाळलं. एका बाईने सुंदर पत्रं पाठवायची सोय काढली होती. मामांनी तिच्यावरून एका ओळखीच्याला वडील गेल्याचं सांत्वनाचं पत्र पाठवलं. मी दोनदा पाठवलं. माणूस एकदाच मेला होता. मामांना त्या घरातून फोन आला, आणि त्या बाईला दीड गुण.

हसलात ना? हसा. मीही हसायचो. वायरीला पीळ पडेपर्यंत.

सेवा बंद पडली की मामा तिचं चिन्ह कागदावर छापून समोरच्या भिंतीवर चिकटवायचे. खाली तारीख. मामी झाडू मारताना म्हणायच्या, "लोकांच्या घरात भिंतीवर नातवंडांचे फोटो असतात." त्या भिंतीवर बत्तीस कागद झाले. त्यातले निम्मे तरी माझे, असा माझा हिशोब. मामांना वाटायचं सगळे त्यांचे.

आता भाचीचं सांगतो. मामांच्या बहिणीची एकुलती एक. हॉस्पिटलात नर्स, नऊ वर्षं एकाच वॉर्डात. एकदा कसलासा अर्ज छापायला आली. मी तिच्याशीही खोडी केली, एका दाबात दोन खिडक्या उघडल्या. तिने मला उचललं, उलटं केलं, पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा, हा गेलाय. टाकून द्या."

मामा म्हणाले, "तुझ्यापेक्षा जास्त कामं केलीत त्याने."

गेलाय म्हणे. मी ते विसरलो नाही.

वर्षभराने ती परत आली, ती नोकरी सोडून. तिच्या वॉर्डात एक म्हातारे सुतार होते, चार मुलांचे बाप. एके दुपारी चौघांनाही वाटलं की दुसरा बसला असेल. सुतार पाण्याच्या ग्लासासाठी एकटेच उठले आणि पडले. परत उठलेच नाहीत. तेव्हापासून भाचीच्या डोक्यात एकच. तिने आणि शाळेपासूनच्या एका मित्राने, त्याला सगळे जाड्या म्हणायचे, मिळून एक सेवा केली. नाव ठेवलं 'उशाशी'. आजारी माणसाजवळ कोण कधी बसणार याचा तक्ता. सकाळ, दुपार, संध्याकाळ. तक्त्याच्या प्रत्येक घरात एक बटण, 'मी येतोय'. दाबलं की तुमचं नाव लागतं. जमणार नसेल तर परत दाबा, नाव निघतं.

हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीणबाई मामांचं लिखाण वाचायच्या. त्यांनी भाचीला सांगितलं होतं की मामांनी बरं म्हटलं तर सगळ्या वॉर्डांत सुरू करू. भाचीने मामांना तसं स्पष्ट सांगितलं. मामा म्हणाले, "नातं बाहेर, चपलांजवळ ठेवायचं. तपासणी ती तपासणी."

आणि बसले तपासायला. आजारी म्हणून नाव घातलं मामींचं.

मामी म्हणाल्या, "मला कशाला आजारी पाडलंत?"

"तपासणीपुरतं."

"बरं. तेवढंच कळेल कोण येतंय."

मामांनी सोमवार सकाळवर 'मी येतोय' दाबलं. मी नाव लावलं आणि काढलं. मामांनी परत दाबलं. परत तेच. मामी पाठीशी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आलात आणि गेलात. यात नवीन काय?"

चौदा वेळा दाबलं त्यांनी. मनात आणलं असतं तर एकदा तरी मी सरळ वाजलो असतो. नाही आणलं.

मामांना लिहिताना मोठ्याने बोलायची सवय, म्हणून मला कळलं. "आजारी माणसाच्या उशाशी बसण्याचं वचन जी सेवा एक क्षणही लक्षात ठेवत नाही, तिच्यावर कुणी विसंबू नये." दोन गुण.

तिसऱ्या दिवशी भाची आली. हातात कागद. बसली नाही. डॉक्टरीणबाईंनी नाही म्हणून कळवलं होतं, तेही तिने रडतबिडत सांगितलं नाही. कागद टेबलावर माझ्याशेजारी ठेवला.

"मामा, तुमची सगळी दाबणी आमच्याकडे नोंदलेली असतात. नाव लागलं आणि निघालं, एकाच सेकंदात. चौदाच्या चौदा वेळा. एवढ्या घाईने कोण वचन मोडतं?"

तिने पिशवीतून नवा कोरा माऊस काढला, माझी वायर उपटली आणि त्याची जोडली. 'मी येतोय' दाबलं. नाव लागलं. लागून राहिलं. मामींचा सोमवार भरला, मंगळवार भरला. आठवडा भरला.

मामांना सगळं कळलं होतं. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढलीत, मला त्यांची बोटं वाचता येतात. त्यांची नजर भिंतीकडे गेली. एक चूक कबूल केली तर तो एकेक कागद खाली उतरून विचारणार होता, मग आमचं काय?

भाचीनेही भिंत बघितली. तेहतिसावा कागद ताजा होता. उशी आणि तिच्यावर ठेवलेला हात, 'उशाशी'चं चिन्ह.

"अजून बंद कुठे झालंय, मामा?"

"होईल," मामा म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "लोकांकडे असेच माऊस असतात. असल्या माणसाच्या हातात टिकलं नाही, तर चूक तुझीच. मी लिहिलेलं मागे घेत नाही."

मामी आत निघून गेल्या. जाताना भांडं आपटल्याचा आवाज आला.

मला वाटलं आता भाची ओरडणार, गावभर सांगणार. ती म्हणाली, "बरं. मग हा मला द्या."

मामांनी मान हलवली. इतक्या वर्षांचा सोबती, पण मला उचलताना त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पुरावा घरातून जातोय, एवढंच सुख होतं त्यांच्या चेहऱ्यावर.

जाड्या दुसरीकडे नोकरीला लागला. भाची परत त्याच वॉर्डात, पण जुन्या पदावर नाही, सगळ्यांत खालच्या, कारण मधे नोकरी सोडली होती ना. सुट्टीच्या दिवशी ती मला कॉम्प्युटरला जोडायची आणि दाबायची. शंभर-शंभर वेळा. मला वाटलं सूड घेतेय. नाही हो. मी कसा फसवतो ते शिकत होती. आणि एके रविवारी मी नेहमीसारखी खोडी काढली, आणि काहीच झालं नाही. तिने 'उशाशी'च्या आत एक ओळ लिहिली होती म्हणे. सेकंदाच्या आत दुसरी टिक आली तर ऐकायचीच नाही. माझ्या सगळ्या जन्माची कला तिने एका ओळीत बुजवली. मी दिवसभर धडपडलो. मग गप्प झालो.

पुढच्या वर्षी मामा पडले. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात अडतिसावा कागद चिकटवायला स्टुलावर चढले होते. खुब्याचं हाड मोडलं. तुम्ही हसणार असाल तर आत्ता हसून घ्या, पुढे जागा नाही.

भाचीच्याच वॉर्डात ठेवलं. ऑपरेशन, मग बारा दिवस पडून. मामींचे गुडघे कामातून गेलेले, त्यांना रोजचं येणं जमणारं नव्हतं. भाचीने सगळ्या नातेवाइकांना 'उशाशी' पाठवलं. मुलगा, मुलगी, धाकटा भाऊ, चुलत, आते, मामांची इंटरनेटवरची मित्रमंडळी. तासाभरात तक्ता गच्च. मामा पडल्या पडल्या फोनवर बघत होते. त्यांनी भाचीला फोन केला, "जागा उरली नाही गं. लोकांना सांग, गर्दी करू नका."

तिसऱ्या दिवशी परत फोन आला. भाची माझ्यासमोर बसली होती, फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावलेला.

"अगं, तुझं ते अजून बिघडलेलंच आहे. मुलाचं नाव मंगळवारी होतं, आता नाही. मुलीचं होतं, तेही नाही. नावं लागतात आणि जातात."

भाचीने नोंदी उघडल्या आणि पुटपुटत वाचायला लागली. मुलगा, हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर राहणारा. नाव लावलं नऊ वाजून दहा मिनिटांनी, काढलं पावणेदहाला. मुलगी. तीनदा लावलं, तीनदा काढलं. धाकट्या भावाने दोन दिवस ठेवून काढलं. एका मित्राने नाव लावून त्याचा फोटो काढला, 'मामांच्या उशाशी' म्हणून सगळीकडे टाकला आणि लोकांनी वाहवा केल्यावर नाव काढलं. सेकंदात कुणीच नाही. सगळ्यांनी नीट विचार करून. सगळ्यांचे फोन धडधाकट.

तेव्हा मला कळलं. लावायचं आणि काढायचं ही खोड मी माझी समजत होतो. मी कसला कारागीर. माझ्याहून सफाईने करणारी माणसं घरोघरी आहेत.

भाचीच्या तोंडाशी ते आलेलं मी बघितलं. 'चालतंय मामा, अगदी नीट चालतंय.' एवढं म्हणायचा तिचा हक्क होता. वर्षभराचा. मी वाट बघत होतो. मला तर ऐकायचंच होतं.

"ऐकतेयस ना?" मामांनी विचारलं. "बिघाडच आहे ना तो?"

"हो मामा," ती म्हणाली. "बिघाडच आहे. मला सापडत नाहीये अजून."

मामांनी श्वास सोडला. फोनमधूनसुद्धा कळलं, छातीवरचा दगड उतरला.

"बघ. मी तेव्हाच लिहिलं होतं."

"हो. बरोबर लिहिलं होतं तुम्ही."

तिने फोन ठेवला. मग मला हातात घेतलं. मंगळवार दुपार, तिची ड्युटी संपल्यानंतरची. 'मी येतोय'. सवयीने मी दोनदा वाजलो. तिचं नाव हललं नाही. बुधवार. गुरुवार. तक्त्याच्या शेवटच्या घरापर्यंत.

तर असा मी. अजून तिच्या टेबलावर आहे, रोज दाबून घेतो आणि रोज हरतो. मला टाकू नका एवढं म्हणायचाही हक्क मला नाही. पण मामा आता काठी घेऊन हिंडायला लागलेत, आणि कधीतरी एकटे बसून त्यांना शंका येईल. ते तुम्हाला गाठून विचारतील, खरं सांगा, माझी माणसं नाव लावून का गेली? तेव्हा एवढं करा. सांगा, काही नाही हो, माऊस खराब होता.

त्या कामात माझा हात नव्हता. तरी माझ्याच नावावर घाला.