साध्या पाण्यातली पोरं

"अण्णा, लवकर या! साध्या पाण्यातली मेलीयत!"

प्रतिमाची हाक ऐकून प्रयोगशाळेतले जुने मदतनीस उमाजीराव धावतच आतल्या खोलीत शिरले. दसऱ्याचा दिवस, बेंगळुरातल्या इंदिरानगरातली ती प्रयोगशाळा बंद. पण पाणपिसवांना कुठला आलाय सणवार? चाचणी लावली की दुसऱ्या दिवशी मोजणी चुकवता येत नाही, म्हणून ही दोघंच तेवढी आली होती.

पाणपिसू म्हणजे तळ्यातला रव्याच्या कणाएवढा जीव. एका कंपनीनं डासांच्या अळ्या मारायचं नवं औषध काढलं होतं. ते तळ्यात टाकलं तर या गरीब जिवांचं काय होतं, ते बघायचं होतं. ओळीनं पेले मांडलेले, प्रत्येकात औषध कमी-जास्त, आणि चार पेले नुसत्या साध्या पाण्याचे, ताडून बघायला. सगळ्यांत नुकती जन्मलेली पिल्लं सोडायची. मग पेला हलकेच हलवायचा. जे पोहत नाही ते गेलं म्हणायचं. आणि साध्या पाण्यातलीच गेली, तर अख्खी चाचणी मोरीत ओतायची.

"थोड्या औषधातली मजेत पळतायत आणि साध्यातली तळाला! असं कसं होईल?" प्रतिमा रडकुंडीला आली होती. सांगलीची पोर, अजून प्रोबेशनवर. हा रिपोर्ट वेळेत फॅक्स झाला तर पर्मनंट करतो, असं प्रयोगशाळेच्या नरसिंह सरांनी तिला सांगून ठेवलं होतं. "ग्लासवेअर मीच धुतलं ना. साबण राहिला असणार. संपलं अण्णा, सर मला ठेवत नाहीत आता."

उमाजीरावांची नजर पेल्यांच्या काठांवर गेली. साबण कुठला नि काय!

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. बेंगळुरात त्या दिवशी रस्त्यावरच्या ऑटोपासून कारखान्यातल्या लेथपर्यंत सगळ्यांना झेंडू चढतो, दारोदार कोहळे फुटतात. प्रयोगशाळेतही पूजा व्हायची, पण सरांचा सक्त हुकूम होता: जे काय करायचं ते बाहेर. आतल्या खोलीत उदबत्तीसुद्धा नाही. मोडला तर त्या खोलीत पुन्हा पाऊल नाही. उमाजीरावांनी इतकी वर्षं तो पाळला होता. तराजूला कुंकू लावलं, फ्रिजला लावलं, सरांच्या फियाटला तर हारच घातला. आणि आत जी पोरं त्यांनी स्वतः वाढवली, ज्यांना रोज सकाळी यीस्टचं पाणी पाजलं, ती तशीच कोरडी? यंदा त्यांना राहवलं नाही. प्रतिमा प्रसाद खायला बाहेर गेली, तसे ते ताट घेऊन आत सटकले. विषाच्या पेल्यांना कुंकू कोण लावणार? म्हणून त्यांनी निवडून साध्या पाण्याच्या चारही पेल्यांच्या काठांना हळदकुंकू लावलं, हात जोडले, आणि जाताना काठ पुसूनही ठेवले. शहाणपण बघा माणसाचं! वर एसीचा वारा, खाली मार्केटातलं रंगवलेलं कुंकू. जायचं ते कधीच उडून पाण्यात गेलं होतं.

आत्ता बोलायला हवं होतं. उमाजीराव नुसते "स्वल्प थांबा, अक्का, बघू" म्हणाले आणि के. आर. पुरमची बस पकडून घरी आले.

घरी सोयराबाईंनी होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, केल्या होत्या. ताटावर बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"गप बसा की," सोयराबाई म्हणाल्या. "ती शिकलेली हाय, तिला धा नोकऱ्या मिळतील. तुम्हाला या वयात कोण ठेवून घेतंय?"

खोटं काय होतं त्यात? पण ताटातलं तसंच टाकून ते बाहेर पडले. रेल्वे फाटकापर्यंत गेले, परत आले, शेजाऱ्यांनी सणाचं बोलावलं तर वाक्य अर्धं टाकून पुन्हा फाटकाकडे चालू लागले. भीती आणि लाज, दोन्ही एकदमच वाटत होत्या, आणि दोन्हींना घेऊन एका जागी बसणं त्यांना जमेना.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमधून आवाज बाहेर येत होता. साधा पेला धुता येत नाही, कंपनीला काय तोंड दाखवू. समोर प्रतिमा मान खाली घालून उभी. उमाजीराव न विचारताच आत घुसले आणि कन्नडमध्ये एका दमात म्हणाले, "सर, साबण नव्हे. कुंकू. मी लावलं."

सर थक्क झाले. "साध्याच पेल्यांना का पण?"

"विषाला कुणी कुंकू लावतं का, सर?"

सरांच्या ओठांवर हसू येतंय असं क्षणभर वाटलं, पण आला तो रागच. "आतल्या खोलीची किल्ली इथं ठेवा. आजपासून तुम्ही गोदामात. त्या खोलीत पुन्हा दिसायचं नाही." मग प्रतिमाकडे वळून म्हणाले, "चाचणी नव्याने लाव. कंपनीशी मी बोलतो."

व्हरांड्यात प्रतिमा त्यांच्यावर उसळलीच. "कालच का नाही सांगितलंत? रात्रभर रडलेय मी, अण्णा!"

"भ्यालो, अक्का," उमाजीराव म्हणाले. ती तरातरा आत निघून गेली.

गोदाम मागच्या अंगाला होतं. तिथे रिकामे कॅन, खोकी आणि धूळ. उमाजीरावांना तिथं बसवेना. खोकी या भिंतीवरून त्या भिंतीला लावायचे, पुन्हा होती तिथं आणून ठेवायचे. यीस्टच्या पाण्याची वेळ झाली की हात आपोआप चुळबुळायचे.

नवी चाचणी पुरी झाली त्या सकाळी प्रतिमा गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली. राग गेला होता की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"अण्णा, साध्या पाण्यातली सगळी पळतायत. एकही गेलं नाही."

"सरी, बरं झालं," उमाजीराव म्हणाले. हातातलं खोकं त्यांनी खाली ठेवलं. "पोरं जेवली का?"

"असं काय करता? चाचणीत त्यांना जेवण नसतं. तुम्हाला काय ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे, अक्का," उमाजीराव म्हणाले, आणि तरी उत्तराची वाट बघत तिथंच उभे राहिले.