आठशे सत्तावन्नावा खांब

स्पेनमधल्या कोर्दोबाच्या मशिदीत, जिच्या मधोमध पुढे चर्च उभं राहिलं, तिथे खांब आठशे सत्तावन्न होते. दारात मिळालेल्या पत्रकात आठशे छप्पन्न लिहिले होते, म्हणून ऋजुताने पुन्हा मोजले. वाढलेला एक म्हणजे तिचे बाबा.

कारण चपला. एवढ्या गर्दीत दाराशी चपला काढणारे ते एकटेच.

"बाबा, इथे काढत नाहीत," ती म्हणाली होती.

"देवाच्या घरात चपला घालून? तू जा तशीच. तू काय, फिजिक्सवाली."

संगमरवर त्यांच्या तळव्यांतून वर चढला. आता तो छातीपर्यंत आला होता, राखी-गुलाबी, बारीक शिरांचा. डोकं आणि हात तेवढे बाबांचे राहिले होते.

पहारेकरी आमादोर टॉर्च घेऊन आला. बाबांचं डोकं आणि वरची कमान यांच्यातली फट त्याने नीट पाहिली.

"हे खांब ठिकठिकाणाहून आणलेले," तो म्हणाला. "उंच होते ते जमिनीत पुरले, बुटक्यांखाली दगड दिला. तुमचे वडील बुटके आहेत."

"मग?"

"आता दगड देत नाहीत. कमानच खाली येते. टेकली की संपलं. तोवर ते आपणहून चालत जाऊ शकतात. ओढायचं मात्र नाही."

ऋजुताने किल्ल्यांना अडकवलेली टेप उघडली. फट नऊ सेंटीमीटर. पुन्हा मोजली, तेव्हा सात.

"बाबा, चला ना घरी."

"मिरजेत आहे कोण? तुझी आई गेल्यापासून दुधाची पिशवीसुद्धा संपत नाही. इथे निदान कुणीतरी माझ्यावर टेकेल."

लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कमान आवाज न करता उतरत होती. चार.

ऋजुता वाद घालत बसली नाही. तिने बूट काढले, मोजे घडी करून त्यांत ठेवले, बूट दूर सरकवले आणि बाबांना पाठ लावून खाली बसली. तळव्यांना आधी गार लागलं, मग काहीच लागेना.

"हे काय चाललंय?"

"टेकलेय."

"अगं, घोट्यापर्यंत आलंय तुझ्या! घाल आधी ते बूट. लहानपणापासून गार फरशीवर पाय ठेवलास की शिंकतेस."

"तुम्ही द्या."

"मी कसा देऊ? मी खांब आहे."

ती शिंकली.

बाबांनी हात लांब केला. पुरला नाही. ते पुटपुटले, "हट्टी. अगदी आईवर गेलीय." मग त्यांच्या कमरेत खडीसाखर फुटल्यासारखा आवाज झाला आणि ते बुटांच्या दिशेने थोडे वाकले.

आमादोरने टॉर्च खाली धरला. ऋजुताने बसल्या जागी वळून बाबांच्या उजव्या टाचेशी टेप लावली.

फरशीपासून टाच तीन मिलिमीटर वर.