ताईच्या मापाची गाडी

घरात एक गाडी असताना दुसरी कशासाठी, याची यादी आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे विश्वेशने, फ्रिजवर चिकटवली होती. भाजी, कुत्रा, ओल्या छत्र्या, नाना-आई. मोठ्या गाडीच्या सीटा पांढऱ्या आहेत, त्यांना यातलं काहीच सोसत नाही. आमचा नंबर छत्र्यांच्या खाली होता. पण यादीत होतो, हे महत्त्वाचं.

शैला, म्हणजे आमची सौभाग्यवती, त्या यादीवर बेहद्द खूश. तिची थोरली बहीण आशाताई दिंडोरीला एकटी असते. मूलबाळ नाही, यजमान गेले, आणि उन्हाळ्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. शेजारची चांगुणा दोन वेळचा डबा देते आणि दार ओढून घेते. ताईला कायमचं नाशकात आणायचं, हे शैलाच्या मनात चार महिने घोळत होतं. मला तिने सांगितलं होतं. मी "बघू" म्हणालो होतो. संसारात मी हा शब्द फार जपून आणि सारखा वापरला आहे.

अंबडच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. भाग हातात घ्यायचा, पास नाहीतर रिजेक्ट म्हणायचं. घरात माझ्या बाकी कुठल्या मताला विचारत नाहीत, पण हा मान अजून टिकून आहे. शैला कोथिंबिरीची जुडीसुद्धा आधी माझ्यापुढे धरते.

रविवारी सकाळी सून मृण्मयीला घरी ठेवून आम्ही तिघं द्वारका चौकाजवळच्या जुन्या गाड्यांच्या आवारात गेलो. मालक केरू. त्याने पांढरी छोटी गाडी पुढे काढली.

"काका, एकाच डॉक्टरीणबाईंनी वापरलेली. घर ते दवाखाना. ओरखडा नाय!"

"सगळ्या तुझ्या गाड्या डॉक्टरीणबाईंच्याच कशा रे?" मी म्हटलं.

"बाकीच्या नसतील काका, ही खरंच हाय."

मी वाकून पाहिलं, दारांवर, बॉनेटवर बोटाची पेरं वाजवली. एकसारखा टणटणीत आवाज. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. जुन्या गाड्यांचा विक्रेता चक्क खरं बोलत होता.

तेवढ्यात शैलाने पर्समधून सुतळी काढली. सुतळीला एक गाठ होती. सुतळीचं टोक जमिनीला टेकवून तिने मागच्या सीटपर्यंत ताणलं. गाठ बरोबर सीटच्या काठाशी आली.

"हे काय गं आई?" विश्वेश म्हणाला.

"ताईच्या पलंगाची उंची. एवढ्यावरून तिला उठता-बसता येतं. डॉक्टरांनी याहून खाली बसू नको म्हटलंय, आणि याहून वर तिला चढवत नाही." तिचा चेहरा फुलला होता. "दसऱ्याआधी आणू तिला. आतल्या खोलीत माझ्याजवळ राहील."

विश्वेश हसला. मग मला डिकी दाखवायच्या निमित्ताने मागे घेऊन गेला.

"नाना, मावशी आली की परत जायची नाही."

"जाईल कुठे बिचारी?"

"तेच म्हणतोय. आतल्या खोलीत त्या दोघी. तिसऱ्या खोलीत माझं ऑफिस. मग तुम्ही हॉलमध्ये. मृण्मयीचा सकाळी सहाला योगा असतो तिथे." त्याने डिकी लावली. "मी आईला नाही म्हणालो तर ती आठ दिवस बोलायची नाही. तुमचं ऐकते."

मी पुन्हा गाडीला एक फेरी मारली. मागच्या दारावर पेर वाजवलं. कान लावला. पुन्हा वाजवलं. अशा वेळी घाई करायची नसते, एकतीस वर्षांचा अनुभव.

"ठोकलेली आहे," मी म्हणालो. "खळग्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारलाय."

"काका!" केरू ओरडला. "लोहचुंबक आणतो, लावून बघा, लांबीवर चिकटत नाय ते! आईची शपथ!"

"शपथ कशाला घेतोस बाबा, विकणारे विकतातच."

शैलाने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "खरंच, अहो?"

"रिजेक्ट," मी म्हणालो.

तिने सुतळी गुंडाळली आणि तेवढ्यावर विषय मिटला. वाद घातला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

मग विश्वेशने एक उंच, निळी गाडी पसंत केली. गाठ सीटच्या वीतभर खाली राहिली. हिच्या उजव्या दारातून मात्र ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला. लांबी होती, चांगली बोटभर. केरू आता माझ्याकडे बघायलासुद्धा तयार नव्हता.

"ही कशी आहे?" शैलाने विचारलं.

"पास."

संध्याकाळी कुत्रा निळ्या गाडीतून फिरून आला. शैलाने दिंडोरीला फोन लावला. शैलाला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

"ताई, गाडी घेतली गं. पण तुला चढता येईल अशी नाही मिळाली. एक होती, अगदी तुझ्या मापाची. पण यांनी नुसतं बोट लावलं आणि ओळखलं, ठोकलेली आहे म्हणून. नाहीतर फसलोच असतो."

"बरं झालं बाई, तुझे हे सोबत होते," ताई म्हणाली. "माझं काय, चांगुणा आहे. त्यांना म्हणावं, नजर जपा हो."

"सांगते," शैला म्हणाली.

मी आतल्या खोलीत, माझ्या पलंगावर पडलो होतो. तिने दारात येऊन तो निरोप मला शब्दशः सांगितला.